हरकत एक

उजवा हात वर गेला, आणि गेला तो गेलाच. चष्मेवाल्याला स्वतःला ते सगळ्यांत शेवटी कळलं. वॉर्डाच्या सभागृहात भिंतीकडेच्या शेवटच्या खुर्चीवर तो बसला होता. तीस वर्षं तो कुठल्याही सभेत तशाच खुर्चीवर बसत आला होता, कारण तिथून मध्येच उठून जाताना कुणाच्या गुडघ्यांची माफी मागावी लागत नाही. गेले सात महिने त्याचा उजवा खांदा गोठलेला होता. गोठलेला हा शब्द डॉक्टरांचा. त्याच्या मते खांदा रुसला होता. केस डाव्या हातानं विंचरायचे, कोटाची बाही बायकोनं चढवायची, आणि दुकानात कुणी वरच्या फळीवरची फ्रेम मागितली की म्हणायचं, "ती तुमच्या चेहऱ्याला शोभणार नाही." फिजिओबाईंनी सांगून ठेवलं होतं, दर तासाला भिंतीशी बसायचं, दोन बोटं कोळ्यासारखी चालवत वर न्यायची, दुखेल तिथं थांबायचं. दुकानाच्या भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या, तारखांसकट, लहान मुलाची उंची मोजावी तशा. फक्त हे मूल काही केल्या वाढत नव्हतं. त्या संध्याकाळी सहा वाजले आणि सवयीनं त्याची बोटं चालायला लागली. रंगाचा एक पोपडा ओलांडला, विजेच्या बटणांची पट्टी ओलांडली, दुखायची जागा आली आणि दुखलंच नाही. आत काहीतरी खट्कन् सुटलं. हात सरळ छताकडे. सात महिन्यांनी! त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. हात खाली घ्यावा हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. हरवलेलं माणूस दारात उभं राहिल्यावर त्याला लगेच कोण बसायला सांगतं? आणि नेमके त्याच वेळी अध्यक्ष म्हणाले होते, "कोणाची हरकत?" म्हणाले होते तेही अशा सुरात, की पाहुण्यासमोरचं भांडं उचलता उचलता आपण विचारतो ना, "अजून घेणार?"

सभागृह वळलं. दीडशे माणसं असतील. त्यांतल्या निम्म्यांचे चष्मे त्याच्याच दुकानातले. आपणच घासलेल्या भिंगांतून इतके डोळे एकदम आपल्यावर रोखले जाताना त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं, आणि त्याही स्थितीत तिसऱ्या रांगेतल्या बाईंची फ्रेम डावीकडे कलली आहे हे त्याला दिसलं.

"तुमची हरकत आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"गेला!" चष्मेवाला म्हणाला. आनंद अजून ओसरला नव्हता.

"काय गेला?"

"वर."

चिटणिसांनी लिहून घेतलं: हरकत एक.

ठराव काय होता हे त्यानं नीट ऐकलंही नव्हतं. कानावर पडला होता तो एवढाच, की चौकात शांतता राहावी म्हणून नियम करायचा आहे. वॉर्डाच्या मध्ये एक चौक होता, चौकात एक दगडी खांब होता, आणि त्या खांबावर जी सात नावं कोरलेली होती त्यांतलं चौथं नाव चष्मेवाल्याच्या थोरल्या काकांचं. परकं राज्य होतं तेव्हा हुकूम निघाला होता, चौकात कुणी उभं राहायचं नाही. सात पोरं उभी राहिली. काका एकोणीस वर्षांचा होता. आता त्या खांबाच्या पायऱ्यांवर गेले तीन महिने दर गुरुवारी धुलाई कारखान्यातल्या बायका येऊन बसत होत्या. कारखान्यानं एका सकाळी दाराला कुलूप लावून साठजणींना घरी पाठवलं होतं. त्या पायऱ्यांवर बसायच्या आणि पत्र्याच्या भोंग्यातून स्वतःचं म्हणणं सांगायच्या. भोंगा कर्कश होता, यात दुमत नव्हतं. म्हणून ठराव: पाचांपेक्षा जास्त माणसांनी चौकात जमायचं तर आधी परवानगी काढायची, बोलायचं तरी परवानगी, फलक धरायचा तरी परवानगी. सगळ्यांचं एकमत झालं तर नियम दुसऱ्या दिवसापासून लागू होणार होता. एकाची जरी हरकत आली तरी महिनाभर जाहीर सूचना लावायची, सगळ्यांच्या हरकती मागवायच्या आणि मग पुन्हा सभा घ्यायची. "म्हणजे आता एकमत नाही," अध्यक्ष म्हणाले, आणि सभागृहातून असा एक उसासा गेला की जणू बस सुटली.

बाहेर पडताना लोकांनी त्याला वाट करून दिली. एरवी त्याला कुणी वाट करून देत नसे. तो कडेकडेनं जाणारा माणूस. शेजारच्या दुकानातला औषधवाला, लहानपणापासूनचा दोस्त, त्याला कोपऱ्यात ओढून म्हणाला, "अरे भिंगा, तुला काय झालं?" भिंग हे त्याचं शाळेतलं नाव. "खांदा सुटला रे," चष्मेवाला म्हणाला आणि हात वर करून दाखवू लागला. "खाली घे!" औषधवाला घाबरून ओरडला. "अजून चिटणीस आत बसलाय!"

घरी जाईपर्यंत आनंद संपला आणि त्याच्या जागी ओळखीचं काहीतरी येऊन बसलं. पोटात, बरगड्यांच्या खाली, ओल्या फडक्यासारखं. ही भीती त्याच्या जन्मापासूनची होती. शाळेत एकदा खिडकीची काच फुटली, मास्तरांनी विचारलं, "कुणी फोडली?" आणि ती शांतता इतकी असह्य झाली की त्यानं उभं राहून सांगितलं, "मी." फोडली होती औषधवाल्यानं. न्हाव्यानं नको तसे केस कापले तरी तो आरशात बघून "वा" म्हणायचा. गिऱ्हाइकाच्या चहात साखरेऐवजी चुकून मीठ पडलं तर गिऱ्हाईक ओरडेल, पण त्याच्या चहात पडलं तर तो अर्धा कप पिऊन वर विचारणार, "चहा कुठला आणता?" आणि अशा माणसाला दरवर्षी स्मरणदिनाला पहिल्या रांगेत बसवून पाच मिनिटं बोलायला लावत. हुतात्म्याचा पुतण्या म्हणून. भाषण वडिलांनी लिहिलेलं. वडिलांनी ते बावीस वर्षं केलं, मग ते त्याच्याकडे आलं, दुकानासारखंच. तो फक्त आकडा बदलायचा. 'आज इतकी वर्षं झाली, माझ्या भावानं' – इथं तो 'माझ्या काकांनी' म्हणायचा – 'हसत हसत छातीवर गोळी झेलली. स्वातंत्र्य मिळवणं सोपं, मित्रहो, जपणं अवघड.' इथं टाळ्या. टाळ्यांच्या वेळी तो नेहमी बुटांकडे बघायचा. आपण ज्याच्याविषयी बोलतो आहोत त्याला कधी पाहिलेलं नाही, आणि तो समोर आला असता तर बहुधा आपल्याला ओळख दाखवली नसती, असं त्याला वाटायचं. दुकानात अक्षरांच्या तक्त्यासमोर काकाचा फोटो टांगलेला होता. गिऱ्हाईक तक्ता वाचायचं आणि काका गिऱ्हाइकाच्या पाठीमागून चष्मेवाल्याकडे बघायचा.

"सगळी चाळ बोलतेय," बायको म्हणाली. "मला औषधवाल्याच्या बायकोकडून कळावं?"

"अगं, चुकून झालं."

"लोकांचे चुकून पाय घसरतात. तुमची चुकून क्रांती होते."

"खांदा बघ ना," तो म्हणाला, आणि हात वर केला. तिनं बघितलं. क्षणभर तिचा चेहरा खरोखर उजळला, कारण सात महिने कोट तिनं चढवला होता. मग ती म्हणाली, "हे काल करता आलं नसतं? किंवा उद्या? गुरुवारी दुपारी जरा डोळा लागतो न लागतो तोच तो भोंगा. मला वाटलं होतं सुटले एकदाची. तर माझ्याच नवऱ्यानं!" ती आत गेली, पुन्हा बाहेर आली. "उद्या जाऊन सांगून या, चुकून झालं म्हणून. काय कठीण आहे?"

काहीच कठीण नव्हतं. दुसऱ्या दिवशी वॉर्ड कचेरीतून कागदच आला: हरकत मागे घेण्याचा अर्ज. नाव, पत्ता, सही, कारण ऐच्छिक. शुक्रवारी अकरा वाजता समक्ष हजर राहावे. त्याच पाकिटात दुसराही कागद होता. दुकानाची पाटी, म्हणजे पत्र्याचा तो भलामोठा चष्मा, जो वडिलांनी लावला होता आणि ज्याच्या डाव्या भिंगात दरवर्षी चिमणी घरटं करायची, ती पाटी रस्त्यावर चार इंच पुढे आली असल्याचं निदर्शनास आलं होतं. पन्नास वर्षं आलेली होती. निदर्शनास काल आली. चष्मेवाल्यानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही एकाच यंत्रावर टाइप केलेले, दोन्हींत 'च'चं पोट भरलेलं. त्याला राग आला नाही. राग यायला त्याला नेहमी दोन-तीन दिवस लागत, आणि तोवर प्रसंग संपलेला असे. त्याला फक्त थंडी वाजली.

गुरुवारी दुपारी दुकानात एक बाई आली. उंच, पन्नाशीची, हात कोपरापर्यंत फिकट, धुवून धुवून विटलेल्या कापडासारखे. कारखान्यातली धुलाईवाली हे सांगायला नको होतं. ती दारातच उभी राहिली. "दादा, तुम्हीच ना ते?"

"कोण?"

"हात वर करणारे."

त्यानं घाईघाईनं तिला खुर्चीवर बसवलं आणि समोरचा दिवा लावला, कारण डोळे तपासायला लागलं की माणूस बोलत नाही हा त्याचा अनुभव. ही बोलत राहिली. त्या दिवशी सभागृहाच्या खिडकीखाली त्या दहाजणी उभ्या होत्या, एवढ्या माणसांत एकाचा हात वर गेला, आणि तिची धाकटी जाऊ तिथंच रडायला लागली. "आम्ही तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही आम्हाला ओळखत नाही," ती म्हणाली. "तरी."

ते 'तरी' त्याला टोचलं. खोट्या पैशासारखं ते कुणीतरी त्याच्या हातावर ठेवलं होतं आणि तो मूठ मिटत होता. "बाई, शेवटची ओळ वाचा," तो म्हणाला. तिनं तिसरीच ओळ अडखळत वाचली. मग त्याला राहवलं नाही. त्यानं सगळं सांगून टाकलं: खांदा, फिजिओबाई, भिंतीवरचा कोळी, सहाचा ठोका. सांगताना त्याला हलकं वाटत होतं आणि लाजही वाटत होती. तिनं शांतपणे ऐकून घेतलं, एका डोळ्यावर तपासणीची काळी चकती असताना जेवढं शांत राहता येतं तेवढं.

"म्हणजे आमच्यासाठी नव्हता?"

"नव्हता."

तिनं विचार केला. "कशानं का होईना, गेला ना वर?" ती म्हणाली. "आमच्याकडे यंत्रं बिघडून चालू झाली तरी आम्ही कपडे धुतलेच की." मग म्हणाली, "उद्या खाली घेणार म्हणे."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतायत." ती उठली. आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच वाईट होतं. "नंबर काय निघाला?" त्यानं सांगितला. तिनं मान हलवली, जणू तोही तिला आधीपासून ठाऊक होता, आणि गेली.

त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "आत्यांना जाऊन विचारून या, तुमच्या घराण्यात हे कुठून आलं ते." ती चिडून म्हणाली होती, पण तो खरंच गेला. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, हुतात्मा काकाचीही. आता अठ्ठ्याऐंशी वर्षांची, वृद्धाश्रमात दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत, खिडकीशी रेडिओ आणि रेडिओशी ती. चालत जाताना त्यानं मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. आत्या म्हणेल, अरे, काका असता तर त्यानं काय केलं असतं? आणि आपण म्हणू, आत्या, पण मी काका नाही. ती म्हणेल, खरंय बाबा, प्रत्येकाची छाती वेगळी. मग शुक्रवारी सही करून टाकायची. एवढी एक परवानगी त्याला घराण्याकडून हवी होती. असे संवाद आधी जुळवले की ते कधीच तसे होत नाहीत हे त्याला पन्नाशी उलटल्यावरही शिकता आलं नव्हतं.

आत्यानं सगळं ऐकलं, रेडिओ बारीक केला आणि हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. त्यानं पाणी दिलं.

"हात चुकून वर गेला!" ती म्हणाली. "आणि पोटात गोळा?"

"गोळा म्हणजे काय, आत्या. सकाळपासून काही खाल्लेलं नाही."

"तो दोनदा ओकला होता."

"कोण?"

"तुझा काका. कोण! त्या दिवशी सकाळी. परसात जाऊन, आईला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून."

चष्मेवाला म्हणाला, "पण बाबांच्या भाषणात–"

"तुझा बाप दहा वर्षांचा होता आणि मावशीकडे राहायला गेला होता. तो होता कुठं तिथं? मी होते. मी सात वर्षांची." तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला, तो लगेच घसरला. "शूर कसला, उंदीर दिसला तरी खाटेवर चढायचा. आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाला, चिमणे, माझे बूट लपव. एकच जोड होता त्याचा. हिवाळा कडक, आई त्याला अनवाणी बाहेर पडू देणार नाही, म्हणजे जायचं राहील, आणि मित्रांना सांगायला कारण होईल. मी लपवले. कोळशाच्या पेटीत. सकाळी आईनं विचारलं, बूट कुठंयत? तो म्हणाला, सापडत नाहीत. आई म्हणाली, मग कसा जाशील? तो दारात उभा राहिला. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, जिंकलो आम्ही." खाली कुणीतरी ताटं मांडत होतं. "मग रस्त्यावरून पोरांनी हाक मारली. एकच. दुसरी मारली नाही. आणि हा तसाच गेला, अनवाणी. मी कोळशातून बूट काढून मागं धावले, पण माझे पाय केवढे!"

"मग का गेला?" चष्मेवाल्यानं विचारलं. त्याचा आवाज त्यालाच लहान मुलासारखा वाटला.

"मला काय ठाऊक? त्यानं काही सांगितलं नाही. कारण पुरलं नसेल." ती रेडिओच्या बटणाशी खेळत राहिली. "ते बूट पुढे तुझ्या बापानं वापरले. दोन वर्षं, पुढे कागद कोंबून. त्याला हे मी कधी बोलले नाही. भाषण बिघडलं असतं. ते जाऊ दे, हा चष्मा बघ आधी, नाकावर राहत नाही मेला."

त्यानं खिशातला छोटा स्क्रू पिळण्याचा पेचकस काढला आणि खिडकीच्या उजेडात तिची फ्रेम घट्ट केली. आयुष्यभर आपण ज्या माणसाला घाबरत आलो, तो तक्त्यासमोरचा, पापणी न हलवणारा, त्याच्या पोटातही हेच ओलं फडकं होतं. यानं धीर यायला हवा होता. आला नाही. उलट एक आडोसा गेला. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, काही माणसं शूर जन्मतात, त्यांनी जीव द्यावा. बाकीच्यांनी भाषण करावं. ही वाटणी त्याला सोयीची होती, त्यानं कधी तक्रार केली नव्हती. आता आत्या म्हणत होती की तसली माणसं नसतातच. आपल्यासारखीच असतात, एक जोड बूट असलेली. म्हणजे मग फार पंचाईत होती.

शुक्रवारी अकराला तो कचेरीत हजर झाला. अर्ज भरून नेलेला, फक्त सही बाकी. औषधवाल्यानं वर डॉक्टरांची चिठ्ठीही मिळवून दिली होती: 'सांध्याची हालचाल अनपेक्षितपणे पूर्ववत.' वॉर्डसाहेब गोड माणूस. टेबलावर सगळं काटकोनात. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि इतके खूश झाले की खुर्ची मागे सरकली. "वैद्यकीय! उत्तम. हे तर फारच सोपं झालं. नाहीतर आम्हाला वाटलं, तुमच्यासारख्या घराण्यातला माणूस आणि विरोध... करा सही. पाटीचंही बघू आपण. चार इंच म्हणजे काय हो, मोजणाऱ्याची फीतसुद्धा सैल असते."

चष्मेवाल्यानं पेन घेतलं. हाताला सही पाठ होती. तिला त्याची गरज नव्हती. खोलीत पंख्याचा आवाज, कोपऱ्यात कारकून कपाटापाशी फायली लावत होता, आणि भिंतीवर स्मरणदिनाचा गेल्या वर्षीचा फोटो: पहिल्या रांगेत तो स्वतः, बुटांकडे बघताना. अर्जाला मागे ठरावाची प्रत टाचलेली होती. सही करण्याआधी ती वाचावी असं काही त्याला वाटलं नव्हतं. पण बारीक अक्षर दिसलं की त्याचे डोळे आपोआप शेवटच्या ओळीकडे जातात, पस्तीस वर्षांचा धंदा तो. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की या नियमाविरुद्ध तक्रार करण्यासाठी चौकात जमायचं असल्यास त्याचीही परवानगी घ्यावी लागेल. त्यानं ती ओळ पुन्हा वाचली. त्याला हसू आलं, आणि हसू आलं याची भीती वाटली.

"साहेब, स्मरणदिनाला आम्ही जमतो. दोन-तीनशे माणसं असतात."

"मिळेल की परवानगी! तुम्हाला कोण नाही म्हणणार?"

"आणि धुलाईच्या बायकांना?"

साहेब हसले. नुसतेच हसले, प्रेमानं, लहान मुलानं चंद्र मागितल्यावर हसावं तसे.

ते 'मिळेल' त्याच्या डोक्यात घोळत राहिलं. काका चौकात उभा राहिला तेव्हा त्यालाही मिळाली असती का? चांगल्या घरचा मुलगा, बापाचं दुकान, अर्ज केला असता तर कदाचित मिळालीही असती. एक तास, थंडीत, बूट घालून. चष्मेवाल्याला एकदम तो दिसला. फोटोतला नव्हे, परसातला, नळ सोडून वाकलेला, तोंड पुसून उंबऱ्याशी आलेला, लहान बहिणीकडे बघणारा. त्या बघण्यात काय होतं हे कुणालाच कळणार नव्हतं. पण दार उघडं होतं आणि हाक एकदाच आली होती. समोर साहेब वाट बघत होते, सौजन्यानं, आणि पेनाच्या टोकावर शाईचा थेंब जमत चालला होता. थेंब पडला तर अर्ज खराब होईल, नवा मागावा लागेल, साहेबांना त्रास, असंही त्याच्या मनात आलं. त्याच्या मनात असलं काहीतरी येतच असे. त्यानं पेन बाजूला ठेवलं.

"साहेब, हात चुकून वर गेला, हे खरंच आहे," तो म्हणाला. "पण आता खाली घेतला तर तो चुकून घेतला असं होणार नाही. ते समजून उमजून केलेलं होईल. आणि तसं करायला मला काही कारण सापडत नाही."

"अहो, कारण ऐच्छिक आहे!"

"हो. म्हणूनच."

साहेबांचा चेहरा हळूहळू काटकोनात आला. "पाटी सोमवारी काढावी लागेल," ते म्हणाले. "शाळांच्या डोळे तपासणीचं कामही दरवर्षी तुम्हालाच जातं, नाही का? या वर्षी फेरविचार होईल."

"बरं," चष्मेवाला म्हणाला. त्याच्या खुर्चीचा पाय फरशीवर टकटक करत होता. तो आवाज साहेबांनाही ऐकू येत होता, आणि दोघांनीही तो पंख्याचा असल्यासारखं दाखवलं. "फक्त, सोमवारी माणसांना म्हणावं, घरट्यात पिल्लं आहेत, जरा हळू."

कारकुनानं नोंदवही पुढे ओढली. "हरकत कायम. कारण काय लिहू?"

"स्वातंत्र्य," चष्मेवाला म्हणाला, आणि लगेच कानापर्यंत लाल झाला. भाषणातला शब्द, इथं या टेबलाशी तो दुसऱ्याचा कोट घातल्यासारखा लोंबत होता.

"रकाना दोन इंचाचा आहे," कारकून वर न बघता म्हणाला. "पण नुसतं तेवढं लिहिलं तर साहेब 'म्हणजे काय' म्हणून परत पाठवतात."

"मग लिहा..." त्यानं रकान्याकडे बघितलं. "लिहा, चौकात उभं राहायला कुणाला विचारावं लागू नये."

कारकुनानं लिहिलं, टिपकागदानं टिपलं, आणि त्याला दारापर्यंत पोचवायला आला. बाहेर पडल्यावर आवाज खाली आणून म्हणाला, "हरकतीचे कोरे अर्ज पाहिजेत का? महिनाभर कुणीही भरू शकतं. पाचशे छापले होते. दहा वर्षांत एक गेला नाही, कपाटात नुसती जागा अडलीय." आणि उत्तराची वाट न बघता त्यानं एक जाडजूड गठ्ठा चष्मेवाल्याच्या बगलेत कोंबला.

रस्त्यात तो दोनदा थांबला. एकदा खांबाला धरून. एकदा औषधवाल्याच्या दुकानासमोर, पण आत गेला नाही. आपण शूर झालो आहोत असं काही त्याला वाटत नव्हतं. वाटत होतं ते एवढंच, की शाळांचं काम गेलं तर हिवाळा कठीण जाईल, आणि हे घरी कोणत्या शब्दांत सांगायचं. त्यानं चार वाक्यं जुळवली. दारात पोचेपर्यंत चारही विसरला.

"केली सही?" बायकोनं विचारलं.

"नाही."

ती भांडी घासत होती, ती घासून संपवली. हात पुसले. "पाटी?"

"सोमवारी काढायला येतील. शाळांचं कामही जाईल बहुतेक."

"असं म्हणाला तो? तोंडावर?"

"फेरविचार म्हणाला."

"फेरविचार!" ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली. तिची नजर टेबलावरच्या गठ्ठ्यावर गेली. मग एक अर्ज उचलून खिडकीकडे धरला. "हे काय?" त्यानं सांगितलं. तिनं वाचला, वरपासून खालपर्यंत, ओठ हलवत. "कुणीही भरू शकतं?"

"कुणीही. एक महिना."

"पेन द्या."

त्यानं दिलं. तिनं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, मग कारणाच्या रकान्याशी येऊन थबकली. त्यानं वाकून बघितलं तर तिनं डाव्या हाताचा आडोसा केला, परीक्षेत करतात तसा.

"त्या बायकांचा भोंगा मला अजिबात आवडत नाही," ती म्हणाली. "हे मी आधी लिहिणार."

"आणि मग?"

"मग बाकीचं." ती लिहीत गेली. रकाना संपला, समास संपला, अक्षर बारीक होत होत कागदाच्या कडेनं वर वळलं. तिनं मान वर केली.

"मागच्या बाजूला लिहिलं तर चालतं?"

"चालतं," तो म्हणाला. चालतं की नाही, त्याला काही कल्पना नव्हती.